तीन नळ्या

सायकल जागची हलत नाही.
मी मात्र पायडल मारतोय, वीस मिनिटं झाली,
दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
छातीला वायरी, समोर भिंत,
भिंतीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडर.

उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ चालवली.
शाफ्टात केसभर खोट असली तरी बोटाला कळायची.
स्वतःच्या छातीतली कळली नाही,
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास
हातातनं निसटेपर्यंत.
आता आत दोन स्प्रिंगा आहेत.
रात्री डाव्या कुशीवर वळायला अजून भ्यायला होतं.

आफरीन बागवान तीनदा रक्त घेते:
चढायच्या आधी, उतरल्याबरोबर, मग तासाभरानं.
तिन्ही नळ्यांवर तिच्या गोल अक्षरात
पिराजी चौगले, पिराजी चौगले, पिराजी चौगले.

पहिलीत पांढऱ्या पेशी बेताच्या.
दुसरीत झुंबड,
भोंगा झाल्यावर गेटावर लोटते तशी.
तिसरीत पहिलीपेक्षाही कमी.
मी हबकलो.
"पोरी, मेल्या काय गं?"

मास्कच्या वर तिचे डोळे हसले.
"मेल्या न्हाईत काका, कामाला गेल्या.
कडेला टेकून बसल्या होत्या,
तुम्ही पाय हलवलेत तशा उठल्या.
आता फुप्फुसात, आतड्यात, कुठं कुठं
दारं वाजवून बघत असतील."
मग जरा थांबून,
"आणि ज्या उगाच आग धरून बसतात
रक्तवाहिन्यांच्या भिंतीला,
त्या रोजच्या व्यायामानं निवतात म्हणे.
म्हणे हं, काका.
अभ्यास चालू आहे आमचा.
तुम्ही तेविसावे."

मला आमचं गेट आठवलं.
सकाळी साडेआठला तिथं चिटपाखरू नसायचं.
परगावचा कोणी आला तर म्हणायचा,
कारखाना बंद पडला वाटतं.
आत तर सगळ्या मशिनी सुरू,
बुरादा उडतोय, तेलाचा वास,
कोणाला मान वर करायला सवड नाही.

हातावर कापूस दाबून जिना उतरलो.
घरी तांबडा रस्सा बंद,
पांढरा महिन्यातनं एकदा,
तोही वाटीभर, बायकोच्या नजरेखाली.

संध्याकाळी रंकाळ्यावर
कठड्यावर बसलेल्या अण्णू सुतारानं हाक मारली,
"पिराजी, टेक की जरा!
कुठं निघालास एवढा घाईनं?"
काय सांगणार त्याला.
हात केला, आणि चालत राहिलो.
पाळी लागली होती.