आधी कंदील

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेवच फुटलं नव्या आवृत्त्यांचं.
एडिटर आला, कंपायलर आला,
एका डेटाबेसनं तर रातोरात दोन अंक ओलांडले,
आणि सगळ्यांच्या बदलांच्या यादीत तेच :
वेगवान, हलकं, आधीपेक्षा सोपं.

माझी चाळण तेवढी पूर्वप्रतीवर अडून होती.

चाळण, म्हणजे सातशे ओळींचा एक प्रोग्राम.
मजकुरातले खडे काढायचे,
दुहेरी स्पेस, भरकटलेले अनुस्वार,
कुठून तरी चिकटून आलेली, न दिसणारी अक्षरं.
दिवसा मी विश्रामबागेत बँकेची पासबुकं छापणारं सॉफ्टवेअर सांभाळते,
रात्री हरिपूरला येऊन ही.
फुकट. कुणीही घ्यावी, उघडावी, मोडून पुन्हा बांधावी.

"फुकट?" बाळगोंडामामानं विचारलं होतं.
"मग हमाली कोण देतं?"
कुणी नाही.
"आन् चूक निघाली तर शिव्या?"
त्या मिळतात.
"मंजी आमच्यावानीच की."

मामा पेवात उतरायचा.
हरिपूरच्या मातीत खोल खणलेली ती कोठारं,
पोटात पोत्यापोत्यानं हळद.
आता थोडीच उरलीत, बाकीची पुरानं बुजवली.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आतली हवा मेलेली असते.
एक दिवस तसंच ठेवायचं,
मांजर-कुत्रं पडू नये म्हणून शेजारी बसायचं,
मग चऱ्हाटाला कंदील बांधून खाली सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर आणखी एक दिवस, आणखी बिड्या.

म्हणून तीन-शून्यची पूर्वप्रत आधी सोडली.
सात जणांनी घेतली. सहा गप्प.
सातवी पोखऱ्याची, सृजना लामिछाने.
तिनं लिहिलं : तुमची चाळण आमचं 'गऱ्यो' मोडते.

बघितलं. खरंच.
र आणि य यांच्या मध्ये कधी कधी एक अक्षर असतं,
ज्याला रुंदी नाही, आवाज नाही, शाई लागत नाही.
मी त्याला कचरा समजून झाडत होते,
चार वर्षं, मोठ्या टापटिपीनं.
गुऱ्हाळ गेलं होतं. कुऱ्हाड गेली होती.
आणि चाचणीच्या यादीत, बाराव्या ओळीवर,
चऱ्हाट :
त्यातला र उडून ह च्या डोक्यावर बसलेला,
चर्हाट.
अशा दोरावर कुणी कंदीलसुद्धा सोडू नये.

मराठीतून एकाचीही तक्रार नव्हती.
सवय झाली असेल.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली.
तिनंच पाठवली, मी फक्त एक स्वल्पविराम हलवला
आणि पुन्हा कंदील सोडला.
एक दिवस. मग दुसरा, कारण बँकेत मार्चअखेर.
जळत होता.

पहाटे दोनला बटण दाबलं.
यादीत लिहिलं :
न दिसणारी सगळीच अक्षरं यापुढे फेकली जाणार नाहीत.
काहींवर शब्द टांगलेला असतो.
आभार : सृजना लामिछाने, पोखरा.
आणि त्याखाली, हात थांबेना म्हणून :
बाळगोंडा, कंदिलासाठी.

सकाळपर्यंत एकोणचाळीस डाउनलोड,
त्यातले निम्मे यंत्रांनीच यंत्रांसाठी केलेले असणार.
मामाला म्हटलं, तुझं नाव छापलंय.
"कशात?"
चाळणीत.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"भोकं थोडी मोठी ठेवलीस न्हवं?"

दुपारी, पासबुकाचा प्रिंटर अडकलेला असताना,
एक नवी तक्रार येऊन पडली, कुणा अनोळखी माणसाची :
आभारातल्या बाळगोंडा यांचं खातं सापडत नाही,
नावाचा दुवा कुठंच जात नाही,
कृपया दुरुस्त करा.

मी तिच्यावर 'तक्रार रास्त' अशी खूण केली
आणि उघडीच ठेवलीय.
एक दिवस हवा खाऊ दे.