लिटरली

दुपारी अडीचपर्यंत सतरा.
खिडकी क्रमांक चार, जन्म-मृत्यू नोंदणी, पंचवटी.
माझ्या खिडकीत कुणी मरत नाही.
जातात.
वडील गेले, साहेब. आई वारली.
आमचे मालक राहिले नाहीत.
सिन्नरहून आलेला एक जण तर
'भाऊ होता' एवढंच म्हणाला
आणि आधार कार्ड पुढे सरकवलं.
मी रकान्यात 'मृत' लिहितो.
तेवढं लिहायचाच मला पगार आहे.

घरी मृण्मयी रोज मरते.
'बाबा, द्वारकेच्या सिग्नलला लिटरली मेले.'
मिसळीचा कट तिखट निघाला, लिटरली मेले.
साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं,
हसून हसून, लाजून, उकाड्यानं,
मेले, मेले, मेले.
मी चष्मा कपाळावर चढवतो:
मृत्यूचं ठिकाण? वेळ? खबर देणाऱ्याचं नाव?
ती उशी फेकून मारते.

एका रविवारी सरळच विचारलं,
ह्याचा अर्थ काय गं?
'शब्दशः.' ती द्राक्षं धूत होती.
'म्हणजे, होता. आता नुसतं खूप.'
मग शब्दशः म्हणायचं असेल तर?
'तुझा तो च आहे ना, तो लाव.'

आहे खरा. एवढासा च.
शेपटाला लावला की वाक्य ताठ उभं राहतं.
आलोच. देतोच. नकोच.
सिन्नरवाला दाखला घडी करताना म्हणाला होता,
'वाटलं होतं, उठेलच.'
त्या च ला माझ्या रजिस्टरात रकाना नाही.

परवा तिचा फोन लागेना.
सव्वानऊ. दहा.
अंबडहून येणारी कंपनीची बस
केव्हाच चौकातून वळून गेली होती.
कुंदा दोनदा म्हणाली, आत या,
तिसऱ्यांदा तीच बाहेर आली
आणि काही न बोलता आत गेली.
मी सतरा आकडा डोक्यातून काढत होतो.

सव्वाअकराला गल्लीत स्कूटीचा दिवा.
पाथर्डी फाट्याला मैत्रिणीचं टायर बसलं,
फोनचं चार्जिंग संपलं, इतकंच.
'बाबा, तू बाहेर काय करतोयस?'

'लिटरली,' मी म्हणालो,
पहिल्यांदाच, जीभ अडखळत,
'लिटरली कडी धरून उभा आहे.'

तिनं माझी मूठ उघडली.
तळव्यावर गंजाची आडवी रेघ.
'बरोबर वापरलास,' म्हणाली.
मग थोडं थांबून,
'आता सोड. गाडी आत घ्यायचीय.'