हजेरीचा फळा

जुलैत आमचं चर्च सैल होतं,
धुऊन धुऊन विरलेल्या सदऱ्यासारखं.
ऑर्गन वाजवणारी मार्लिस तळ्यावरच्या खोपटात,
गायकवृंदातले दोघे मक्याच्या फवारणीला.
सतरा मिनिटांचा संदेश मी अकरात उरकतो,
पंख्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

आयोवातल्या या गावात
याच दिवसांत लोक माझ्या दाराशी येतात.
पापांबद्दल कुणी विचारत नाही.
विचारतात शाळेबद्दल.

डेल्विन हूक्सेमा सहाही मुलांना घरीच शिकवतो.
म्हणजे शिकवते त्याची बायको,
पावाचं पीठ फुगेपर्यंत एक धडा,
आणि डेल्विन त्याबद्दल बोलतो.
टेन ब्रुके मुलींना रोज बावीस मैलांवरच्या
ख्रिस्ती शाळेत धाडतात.
त्या फीपायी कालवडी विकल्या,
हे त्यांनी नाही, लिलाववाल्यानं सांगितलं.
आणि रोवीना, एकोणीस वर्षं सरकारी शाळेची
पिवळी बस हाकणारी,
दर थांब्यावर चढणाऱ्या पोराचं नाव
देवाच्या कानावर घालते, ब्रेकवर पाय ठेवून.

हल्ली ही तिन्ही घरं एका बाकावर बसत नाहीत.
"पाळकसाहेब, एकदा वरून स्पष्ट बोला ना."
मी म्हणतो, बघू.
बघू हे अलीकडे माझं आमेन झालंय.

माझ्या टेबलाच्या खणात एक अर्ज आहे.
योरिस, वय आठ, इयत्ता तिसरी.
शाळेच्या नावापुढे रिकामी चौकट.
शेवटची तारीख पंधरा ऑगस्ट.
अक्षरं त्याच्यापुढे उभी राहत नाहीत,
मेंढरांसारखी कुंपणातून वाटेल तिथून निसटतात.
कोरिन म्हणते, घरी ठेवू या, माझ्या डोळ्यांपुढे.
मी काय म्हणतो ते दर रात्री बदलतं.
दुसऱ्यांच्या मुलांसाठी माझ्याकडे वचनं आहेत,
स्वतःच्या मुलासाठी नुसती जाग.

सुट्टीतली बायबल शाळा पाच दिवस चालली.
तळघरात डिंक, लिंबू सरबत, ओल्या मोज्यांचा वास.
नोहाच्या तारवात यंदा दोन ट्रॅक्टरही चढले,
हूक्सेमांच्या धाकट्याचा हट्ट. कुणी हरकत घेतली नाही.
गुरुवारी कुणीतरी कुणाला तरी चावलं.
कुठल्या शाळेचं मूल कुठल्या शाळेच्या मुलाला,
मुद्दाम विचारलं नाही.

शुक्रवारी सगळे गेल्यावर
खुर्च्या रचताना योरिस दिसेना.
वर होता, अंधाऱ्या चर्चमध्ये, स्टुलावर चढून,
हजेरीच्या फळ्यावर आकडे सरकवत, जीभ दातांत.
"मुलं मोजली मी. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून."
मुलं होती तेवीस.
फळ्यावर बत्तीस.
माझा हात वर गेला.
मग त्याच हातानं मी स्टूल धरलं.

रविवारी सगळ्यांनी फळा वाचला.
डेल्विनचे ओठ हलले, आणि थांबले.
रोवीनानं मनात मोजलंच असणार,
आरशातून डोकी मोजायची तिला सवय.
कुणी उठलं नाही. कुणी आकडा फिरवला नाही.
फक्त नव्वदीची आलेट्टा दारात माझा हात धरून म्हणाली,
"तेवीसच होती ना? मग ते बाकीचे नऊ कुठे?"
तिला शुभवर्तमान पाठ आहे.
ती काय विचारतेय ते मला कळलं,
असं मला वाटलं.

रस्त्यापलीकडे, रोवीनाच्या अंगणात,
उभ्या बसच्या सावलीत
टेन ब्रुके मुली आणि हूक्सेमांची पोरं
कलिंगडाच्या बिया थुंकत होती, कुणाची लांब जाते बघायला.
योरिस पावलांनी अंतर मोजत होता,
चुकत होता,
आणि आकडे ओरडून सांगत होता.

अर्ज अजून खणात आहे.
आज आठ ऑगस्ट.