बॉर्डर

उपकेंद्राच्या ओट्यावर
लक्ष्मव्वानं बोट टोचलं,
कमरेभोवती टेप ओढली,
कानडी फॉर्मात आकडा लिहिला
आणि मराठीत म्हणाली,
"भरमाण्णा, बॉर्डरवर हाईस."

मला हसूच आलं.
येळ्ळूरच्या माणसाला हे काय नवं?
वेशीवरच्या पाटीची लिपी कुठली
यावर बा भांडला, मी भांडलो.

ती हसली नाही.
"ह्या बॉर्डरला कोर्टाची तारीख नसती.
अजून अल्याड हाईस, तोवर चाल."

शहापुरात बावीस वर्षं
कुंद्याची कढई घोटतोय.
चाखल्याबिगर रंग कळत नाही,
म्हणून रोज उलथन्याच्या टोकावरचा घास,
मग दुसरा, खात्रीसाठी.
आता चाखायचं काम पोराला दिलंय.
तो तीनदा चाखतो.

पहाटे राजहंसगडाच्या चढाला
आम्ही सातजण, पुढं लक्ष्मव्वा,
चपलेचा अंगठा पिनेनं जोडलेला.
अर्ध्यावर बसतो.
कुणी कानडीत दम खातं,
कुणी मराठीत.

तीन महिन्यांनी पुन्हा टोचलं.
आकडा थोडा खाली.
"अल्याड?" मी विचारलं.
"काठावर," ती म्हणाली,
"उद्या साडेपाचला.
आणि पोराला घेऊन ये."