उणे नऊ पूर्णांक चार

तार्तूत नोव्हेंबरमध्ये दुपारी चारलाच काळोख पडतो.
तळघरात यंत्रं घरघरतात, तिथं ऊब असते,
म्हणून मी कोट काढून खुर्चीवर टाकते
आणि यादी सोडते :
तीनशे बारा जुनी प्रतिजैविकं,
बाजारात गाजलेली, मग म्हातारी झालेली,
काही तर माझ्याहून थोरली.

काम सांगायला सोपं आहे.
गोचिडीतून येणारा मेंदूज्वराचा विषाणू.
तो आपली प्रथिनं एकाच लांब पट्टीत विणतो
आणि मग कातरतो.
त्या कात्रीच्या बिजागरीपाशी एक खोबण आहे.
एकेक औषध खोबणीशी न्यायचं,
उलटं, तिरपं, कुशीवर, पाय दुमडून,
आखूड खाटेवर उंच पाहुण्याला निजवावं तसं,
आणि विचारायचं, जमतंय का?
यंत्र आकड्यात बोलतं.
जितकं उणं तितकं चांगलं.

आई व्होरूच्या औषधदुकानात होती, बत्तीस वर्षं.
काउंटरवरचं तिचं वाक्य मला पाठ आहे :
"विषाणूवर हे चालत नाही. घरी जा, झोपा,
चहात रासबेरीचा मुरांबा घाला."
लोक भांडायचे. शेजारचा हेल्डुर तर हमखास.

तरी मी तीन वर्षांची असताना, एकोणऐंशी साली,
डॉक्टरांनी लिहून दिलं आणि तिनं मला दिलं
टेट्रासायक्लिन, पिवळं, साखरेत चुरडून.
कसला ताप होता, तिला आता आठवत नाही.
दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्ट्यांचे.
शाळेच्या फोटोंत माझे ओठ मिटलेले आहेत.
लग्नाच्याही.

हेल्डुरला गोचीड चावली ती ब्लूबेरीच्या रानात.
लस होती. तो पुढच्या वसंतात घेणार होता.
बैल गेला नि झोपा केला, असं कुणी म्हणालं नाही,
सगळ्यांच्या डोळ्यांत मात्र तेच होतं.
आता त्याचा डावा हात कपाशी थरथरत
स्वतःचंच काही बोलत असतो,
आणि आपण बोललो की हेल्डुर त्या हाताकडे बघतो,
उत्तर तोच देणार असल्यासारखा.

रात्री साडेनऊला दोनशे सातव्या ओळीवर
उणे नऊ पूर्णांक चार.
ताव्हेत उभाच राहिला. बावीस वर्षांचा आहे.
"बसलं! बघा, किती घट्ट बसलंय!"
पडद्यावर ते खरंच सुंदर दिसत होतं,
हिरवं, खोबणीत अंग चोरून.

मी म्हटलं, या खोबणीत पाणी किती आहे? जेमतेम.
यकृत आहे का? रक्त आहे का? घाबरलेला माणूस?
हे औषध बाजारातून काढलं ते कशापायी, वाचलंस?
सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, बाबा.
तो खट्टू झाला. मला वाईट वाटलं.
त्याच्या वयात मीही गाठलेत असे दोन-तीन.

टेट्रासायक्लिन, म्हटलं तर, अठ्ठ्याऐंशीवं आलं.
उणे सहा पूर्णांक आठ. बेताचं.
ती ओळ मी दोनदा वाचली, उगीच.

पाच आठवड्यांनी टॅलिनहून बशीचा निकाल आला.
विषाणू मेला होता.
पेशीही मेल्या होत्या, त्याच्या आधी.
ताव्हेतनं दोनशे सातपुढे एक फुली मारली,
फार जपून, पट्टी लावून.

त्या रात्री हात धुताना निळा जांभळा दिवा चालू राहिला होता.
आरशात सहज तोंड उघडलं.
पट्टे पुसट पिवळे चमकत होते.
एकोणऐंशीपासून तो तिथून हललेला नाही.
याचा आकडा कुणी काढलेला नाही,
आणि काढून तरी काय करायचं.

आईला फोन लावला. अठ्ठ्याहत्तरची आहे, उशिरापर्यंत जागी असते.
"चालतं का गं?" तिनं विचारलं.
"अजून एकशे पाच उरलीत."
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग काउंटरवरच्या आवाजात म्हणाली,
"घरी जा. झोप."

यंत्रं चालूच ठेवून मी कोट चढवला.
बाहेर एमायोगी गोठायला लागली होती,
कडेकडेनं.