पाटा

त्रुचासच्या उतारावरून लाकडं भरून निघाली
की एल्फेगोची पिकअप बूड टेकायची, नाक वर.
समोरचे दिवे मारून मारून शिव्या घालायचे.
त्याला दिसायचे पाइनचे शेंडे,
वळणावरच्या खांबावर एक घुबड.
रस्ता अंदाजाने.

रविवारी चर्चला बुट्टी मारून तो गाडीखाली शिरला.
कुंपणाशी भावाची गाडी, चार वर्षं ठोकळ्यांवर.
तिचा एक पाटा काढायचा, एवढंच.
बोल्ट गंजून एकजीव झालेले.
तेल सोडलं, थांबला, पुन्हा तेल.
शेवटी पान्याला पाइप अडकवून सगळं वजन टाकलं,
तेव्हा नट असा किंचाळला
की ओफेलिया दारात आली.
"सेलेदोनची गाडी मोडतोयस?"
"एक पाटा घेतोय. तो कुठे निघालाय आता?"

चारांत पाचवा बसला.
टेप लावली : पावणेतीन इंच वर.
रिकामी गाडी आता खड्ड्याखड्ड्याला कंबर मोडते,
भरली की शहाणी.

आज पहाटे गच्च भरून सांता फेला.
दिवे सरळ डांबरावर :
पांढरी रेघ, खडी, दचकलेला ससा,
सगळं दिसतंय.
वळण आलं, गेलं.
खांबावर कोणी होतं का,
कळलं नाही.