बिघडलेलं काहीतरी घेऊन यावं

सोसायटीचं जुनं गोदाम, मोहप्याच्या रस्त्याला.
खत आता येत नाही तिथं.
युरियाचा वास तेवढा भिंतींनी धरून ठेवला आहे,
आणि बुधवारी तीन वाजता
गुणवंत रेवतकर कुलूप काढतो.

नियम एकच, खडूनं दारावर लिहिलेला:
रिकाम्या हातानं येऊ नये.
बिघडलेलं काहीतरी घेऊन यावं.

नुसतं ‘या, बसू’ म्हटलं असतं
तर एकही म्हातारा आला नसता.
बसायला पार आहे की.
पण पारावरचा माणूस रिकामा दिसतो.
काखेत टेबलपंखा घेऊन निघालेल्याला
कोणी विचारत नाही, कुठं चालले;
विचारलंच, तर सांगायला पंखा असतो.

मी पहिले दोन महिने गेलो नाही.
माझ्या घरी सारं ठीक चालू होतं,
मिक्सर, टीव्ही, बोअरची मोटर.
सोमवारी कंडक्टरला म्हटलं होतं, ‘एक कळमेश्वर.’
त्यानंतर थेट गुरुवारी फोन वाजला,
बँकेची पोरगी, कर्ज देऊन राहिली होती.
नको म्हणायला तोंड उघडलं
तर आवाजच निघेना.
खाकरलो. मग विचारलं, बाई, तू गावची कोणत्या?
‘सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय.’
म्हटलं, होऊ दे.
नऊ मिनिटं धरून ठेवली मी तिला.

पुढच्या बुधवारी बॅटरी घेतली खिशात.
चांगली बॅटरी, मागच्या पोळ्याला घेतलेली.

मार्च होता, अख्ख्या गावचे कुलर गोदामात रांगेनं उघडे पडलेले.
उकंडराव डोमके ताट्यांत वाळा भरत होता,
आणि तेलाची कुपी लहानू उईकेजवळ,
ज्याचे हात कापतात.
थेंब कुठंही पडो, कोणी काही म्हणत नाही.

‘काय झालं हिला?’
‘लागत नाही.’
गुणवंतनं खटका दाबला.
उजेड थेट पत्र्याला जाऊन भिडला,
तिथली पाल साऱ्यांना दिसली.
मी चपलेकडं पाहत राहिलो.

‘कधीकधी लागते अशी,’ गुणवंत म्हणाला,
‘आतून पाहावं लागते.’

झाकण काढलं. स्प्रिंग काढली, पॉलिश पेपरनं घासली.
सेल उन्हात मांडले.
दीड तास लागला त्या बॅटरीला.
तेवढ्यात चहा झाला, उकंडरावचा गुडघा झाला,
मी संत्र्यावरच्या डिंक्याबद्दल बोललो
आणि बोलतच राहिलो.
लहानूनं मान वर न करता विचारलं,
वरणात मीठ आधी टाकाव का मंग?
सात म्हाताऱ्यांची पाच मतं निघाली.
त्याची बायको दिवाळीत गेली, हे मला तेव्हा आठवलं.

मे महिन्यात कवडू पडोळे दोन बुधवार आला नाही.
त्याचं दार कुरकुरते, असं आम्ही ठरवलं
आणि कुपी घेऊन निघालो, शेहेचाळीस डिग्रीत,
डोक्याला दुपट्टे बांधून, वरातीसारखे.
त्यानं दार उघडलं.
दार कुरकुरलं नाही.
लहानूनं तरी तिन्ही बिजागऱ्यांना तेल सोडलं,
अर्धं उंबऱ्यावर.
कवडू बनियनवर उभा, दाढी वाढलेली.
बराच वेळ पाहत होता तो तेलाकडं.
मग म्हणाला, ‘आता आलेच आहा बाप्पा,
तर त्या खिडकीचंही पाहा.’

खिडकीला काही झालं नव्हतं.
संध्याकाळ झाली तिथंच.

आता मंगळवारी रात्री मी घरभर फिरतो.
इस्त्री नेऊन झाली, रेडिओ दोनदा, छत्री, अडकित्ता.
बॅटरी तर लपवूनच ठेवतो, तिची मस्करी करतात लेकाचे.
काल काहीच सापडेना.
शेवटी भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं,
काच सरकवली,
आणि मिनिटकाटा बोटानं, हळूच,
थोडा वाकवला.